चार मागांचा मालक: इचलकरंजीतील व्यवसाय, उपजीविका आणि शहरपण

मध्यम आकाराच्या शहरांबद्दल लिहिताना आपल्याकडे दोन सवयी दिसतात. एकीत शहराला महानगराची अपुरी प्रत मानून उणिवा मोजल्या जातात: विमानतळ नाही, आयटी पार्क नाही, मोठ्या आजाराला कोल्हापूर किंवा मिरज गाठावी लागते. दुसरीत त्याला वाढलेले खेडे समजून जिव्हाळ्याचे गोडवे गायले जातात. दोन्हींत एक साधा प्रश्न तसाच राहतो. अशा शहरात गाठीला भांडवल नसलेला माणूस वर कसा चढतो, आणि ती वाट कधी बंद पडते?

या प्रश्नासाठी इचलकरंजी हे फार सोयीचे उदाहरण आहे. जिल्हा कोल्हापूर, तालुका हातकणंगले, शहराला स्वतःचे रेल्वे स्टेशनही नाही. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीत सुमारे २ लाख ८७ हजार लोक होते. २०२२ मध्ये महापालिका झाली. सरकारी कचेऱ्या, छावणी, तीर्थक्षेत्र, बंदर यांपैकी कशाच्याही आधारावर हे शहर वाढलेले नाही. वाढले ते मागावर. शहर आणि परिसरात मिळून लाखाच्या घरात यंत्रमाग उभे राहिले, आणि त्यांतले बरेचसे चार, आठ, बारा अशा लहान संख्येने वेगवेगळ्या मालकांकडे होते. या विखुरलेल्या मालकीतच शहराचा स्वभाव आहे असे मला वाटते.

माझे प्रतिपादन असे: मजुराला मालक होता येते की नाही, हे त्या शहरातले मुख्य यंत्र किती लहान संख्येने विकत घेता येते आणि तरीही नफ्यात चालवता येते, यावर बऱ्याच अंशी ठरते. यंत्राच्या या गुणाला मी विभाज्यता म्हणतो. कष्टाळूपणा, उद्यमशीलता, मातीचा गुण ही कारणे सत्कार समारंभात ठीक आहेत. पण कष्टाळू माणसे सगळीकडे असतात, आणि सगळीकडे मालक होत नाहीत.

गिरणीशिवाय माग

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा उद्योगांना आणि कलांना आश्रय होता, आणि शहराचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. आश्रयाचे श्रेय द्यायलाच हवे, पण त्याने सगळे उलगडत नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सूत आणि कापडाच्या गिरणीचा पाया घातला. तो आश्रय मोठा होता, राजाही अधिक दूरदृष्टीचा होता. तरीही गिरणीने कोल्हापूरला गिरणी कामगार दिले, तर इचलकरंजीच्या मागाने मागवाले निर्माण केले.

फरक यंत्राच्या रचनेत आहे. गिरणीत कापूस एका दाराने आत जातो आणि कापड दुसऱ्या दाराने बाहेर येते. मधले सगळे टप्पे एका भिंतीच्या आत आणि एका भांडवलाच्या हाती असतात. इचलकरंजीत माग आला तो एकटाच. सूत बाहेरून यायचे, कापडावरची रंगाई-छपाई पुढे बाहेर व्हायची, आणि मधली प्रक्रिया गल्लोगल्ली वाटली गेली. पुढे मुंबईतला गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, गिरण्या ठप्प झाल्या आणि कापडाची मागणी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या मागांकडे वळली, हे सर्वांना ठाऊक आहे. १९८५ च्या केंद्रीय वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागाच्या वाढीवरची बंधने सैल केली. मात्र संपामुळे इचलकरंजी उभी राहिली असे जे सर्रास बोलले जाते ते उलटे आहे. सुट्या मागांची व्यवस्था आधीच रुळलेली होती, म्हणून संपाने मोकळी केलेली जागा तिला भरता आली. गिरणी बंद पडली की दुसरी गिरणी उभी करायला वर्षे लागतात. चार माग टाकायला एक शेड आणि एक वीजजोडणी पुरते.

माग टाकणारे कोण होते तेही पाहायला हवे. कोष्टी, देवांग यांसारखे परंपरेने विणकर असलेले समाज होतेच. त्यांच्या बरोबरीने पंचगंगेच्या खोऱ्यातले जैन, लिंगायत, मराठा शेतकरी आले, ज्यांच्या हाती उसाचा पैसा येऊ लागला होता. सूत आणि कापडाच्या व्यापारात राजस्थानातून आलेली मारवाडी कुटुंबे होती. मजूर सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूर भागातून आणि दुष्काळी तालुक्यांतून आले. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही येऊ लागले. एकाच जातीच्या हाती धंदा राहिला नाही. यंत्र सुटे असल्याने जातीबाहेरच्या माणसालाही थोडक्या पैशात शिरकाव करता आला.

सुताचा प्रवास आणि त्यावरची माणसे

सूत कोनांवर येते. उभ्या धाग्याचे सूत वार्पिंगला जाते, तिथून सायझिंगला, म्हणजे धाग्याला खळ चढवून तो ताण सोसेल असा करायला. सायझिंगहून निघालेले बीम वहिफणीवाल्याकडे जाते. तो हजारो धागे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवतो. या कामाला डोळे आणि बैठक दोन्ही लागतात. आडव्या धाग्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या असतात, आणि कांडीवाली बहुधा बाईच असते. मग माग, मागावरचा कामगार, आणि माग बिघडला की धावणारा जॉबर. विणून झालेल्या कापडातल्या गाठी आणि तुटके धागे काढणाऱ्या मेंडिंगच्या बायका, घडीवाला, हिशेब ठेवणारा दिवाणजी, टेम्पोवाला. तयार झालेले कोरे, म्हणजे ग्रे कापड बालोतरा, पाली, अहमदाबाद इकडे प्रक्रियेला जाते. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, धोतर अशा नावांनी ते देशभर खपते, आणि विकत घेणाऱ्याला ते इचलकरंजीचे आहे हे बहुधा कधीच कळत नाही.

ही साखळी पुस्तकात अकार्यक्षम ठरते. प्रत्येक टप्प्याला माल उचलायचा, मोजायचा, पुढच्याकडे पोहोचवायचा, आणि प्रत्येक जण आपला मोबदला काढणार. पण शहराच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक टप्पा हा एक स्वतंत्र धंदा आहे आणि प्रत्येक धंद्यात शिरायला वेगळे भांडवल, वेगळे कसब लागते. जॉबरला पैसा लागत नाही, कान लागतो. धोट्याच्या ठोक्यात काय बिनसले ते तो शेडच्या दारातून ओळखतो. वहिफणीला यंत्रच नको. गिरणीत ज्या जागा एका नोकरदार उतरंडीत बसल्या असत्या, त्या इथे बाजारात मोकळ्या होत्या.

पिकाचा हिशेब

पुढचे सगळे समजायला मागाचे अर्थकारण थोडे आकड्यांत पाहावे लागेल. आडवा धागा एकदा टाकला की एक पीक. एका इंचात ५२ पिके असलेल्या कापडाच्या एका मीटरला सुमारे २,०४७ पिके लागतात. साधा माग मिनिटाला १४० पिके टाकतो असे धरू आणि धागा तुटणे, कांडी बदलणे यांत पाचवा हिस्सा वेळ जातो असे मानू. तासाला सव्वातीन मीटर कापड होते. अनेक शेडमध्ये पाळी बारा तासांची असते. एका पाळीत मागामागे सुमारे ३९ मीटर, दोन पाळ्यांत ७८.

आता चार मागांचा मालक घ्या. तो बहुधा खर्चीवाला असतो: सूत व्यापाऱ्याचे, माग आणि मजुरी याची. त्याला पिकामागे पैशांत दर मिळतो. उदाहरणादाखल ६ पैसे धरले तर ५२ पिकांच्या मीटरला ३ रुपये १२ पैसे, आणि चार मागांवर दिवसाला साधारण ९७३ रुपये होतात. एक अश्वशक्तीच्या चार मोटरी दिवसभर चालून पन्नासेक युनिट वीज खातात. सवलतीचे युनिट ४ रुपये धरले तर २०० गेले. कामगाराला मीटरला १ रुपया ३० पैसे धरले तर ४०५ गेले. उरले ३६८. यातून कांडी, जॉबर, मेंडिंग, तेल, सुटे भाग, शेडचे भाडे, दिवाळीचा बोनस आणि बँकेचा हप्ता. दर माझ्या उदाहरणाचे आहेत, पण त्यांची परस्पर प्रमाणे पाहावीत.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, मालक स्वतः एक पाळी माग चालवू लागला आणि बायकोने कांडी भरली, तर त्याची खरी मिळकत तिथे आहे. चार मागांची मालकी म्हणजे नफा कमी आणि स्वतःलाच दिलेली मजुरी जास्त. दुसरी गोष्ट अधिक जाचक आहे. व्यापाऱ्याने पिकामागे एक पैसा कमी केला तर रोजचे १६० रुपये जातात, म्हणजे त्या ३६८ मधला जवळपास निम्मा भाग. विजेचे बिल कमी होत नाही, कामगाराचा दरही नाही. मंदीचा सगळा धक्का या एका माणसावर येऊन थांबतो. शहरातल्या मंदीच्या बातम्यांत 'खर्चीवाले यंत्रमागधारक' हा शब्द सारखा का येतो, त्याचे कारण या एका पैशात आहे.

कामगाराच्या बाजूने थोडे तरी संरक्षण उभे राहिले. लाल बावट्याच्या संघटना इथे जुन्या आहेत. २०१३ मधल्या यंत्रमाग कामगारांच्या संपानंतर मजुरी महागाई भत्त्याशी जोडली गेली आणि सहायक कामगार आयुक्तांकडून वाढ जाहीर होण्याची पद्धत पडली. २०१५ मध्ये सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी दीर्घ संप केला. खर्चीवाल्याच्या दराला मात्र महागाईचे असे कोणतेच कलम नाही. त्याचा दर सुताचा बाजार आणि व्यापाऱ्याची मर्जी ठरवते. म्हणून इचलकरंजीतला संप गिरणी संपासारखा दोन टोकांच्या माणसांमध्ये होत नाही. एका पायरीच्या अंतरावरचे दोघे एकमेकांशी भांडतात, आणि ज्याच्याशी दोघांनीही भांडायला हवे तो टेबलाशी बसलेलाच नसतो.

वर चढण्याची रीत

शिडीच्या पायऱ्या साधारण अशा. पोरगा कांड्या पोचवायला शेडमध्ये येतो, मोठ्यांच्या हाताखाली माग शिकतो, मग स्वतंत्र चार-सहा माग सांभाळतो. डोके चालणारा असला तर जॉबरचा मदतनीस होतो. जॉबर झाला की त्याच्याकडे दोन गोष्टी जमतात: कोणते जुने माग कुठे विकायला निघाले आहेत याची माहिती, आणि मालक-व्यापाऱ्यांत नाव. मग एखादा मालक शेडमधले चार माग भाड्याने देतो, किंवा पतसंस्थेतून कर्ज काढून जुने माग घेता येतात. जुना साधा माग दुचाकीच्या किमतीच्या आसपास मिळत आला आहे. चारांचे सहा झाले, सहांचे बारा, की तो खर्ची सोडून स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकायला निघतो. इथे पुष्कळ जण घसरतात, कारण सुताचा भाव पडला की गोदामातला माल अंगावर येतो.

हे सर्वांना जमले असे कोणी म्हणत नाही. बहुसंख्य कामगार कामगारच राहिले. पण ज्याला जमले तो शेजारच्याच गल्लीत राहत होता आणि त्याचे माग डोळ्यांसमोर वाढले होते, यामुळे मजुराच्या मनातला हिशेब बदलतो. बारा तासांची पाळी तो केवळ पोटासाठी करत नाही, एक ना एक दिवस आपण माग टाकू या गृहीतकावर करतो. हे गृहीतक शहराला स्वस्त मजुरी पुरवते, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

बाईला ही शिडी नाहीच. कांडी आणि मेंडिंगपासून जॉबरपर्यंत वाट जात नाही. यंत्र दुरुस्तीचे कसब पुरुषांच्या घोळक्यात, रात्रपाळीला, हाताखाली राहून शिकायचे असते. नवऱ्याने चार माग टाकले की बायकोची कांडी बिनपगारी होते, एवढाच तिच्या बाबतीतला बदल. विभाज्यतेचा माझा नियम इथे तोकडा पडतो. यंत्र कितीही स्वस्त असले तरी कसब ज्या जागी शिकले जाते तिथे प्रवेश नसेल तर यंत्राचा उपयोग नाही.

उधारीची उतरंड

माग सुटा मिळतो, पण पैसा मिळत नाही, आणि इचलकरंजीचा खरा कारभार पैशाच्या तारखांवर चालतो. कापड गेल्यावर पैसे साठ, नव्वद, कधी त्याहून अधिक दिवसांनी येतात. लवकर हवे असतील तर वटाव कापून. म्हणजे प्रक्रियेवाल्याला आणि मोठ्या व्यापाऱ्याला लागणारे खेळते भांडवल चार मागांचा मालक पुरवतो, तेही बिनव्याजी. तो ते कुठून आणतो? नागरी सहकारी बँक, पतसंस्था, भिशी, आणि शेवटी सायझिंगवाल्याची उधारी.

या उतरंडीचे दुसरे टोक कामगारापाशी आहे. कामगार मालकाकडून उचल घेतो: लग्नाला, आजारपणाला, गावच्या जत्रेला. नव्या मालकाकडे जायचे तर जुन्याची उचल फिटली पाहिजे, आणि ती बहुधा नवा मालकच फेडतो. मालकाला माणूस टिकवायला हे साधन वाटते, कामगाराला अडीनडीचा आधार वाटतो. दोघांनाही ते तसे वाटते म्हणूनच ते कोणत्याही नियमाने मोडत नाही. व्यापारी मागवाल्याचे पैसे अडकवतो, मागवाला कामगाराला अडकवतो. फरक इतकाच की वर पैसा देणे असतो आणि खाली घेणे.

केंद्राने यात हात घातला तो आयकराच्या मार्गाने. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये २०२३ च्या वित्त कायद्याने एक उपकलम जोडले. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. कागदावर हे खर्चीवाल्याच्या बाजूचे आहे. प्रत्यक्षात मार्च २०२४ च्या सुमारास देशातल्या कापड बाजारांत माल परत जाण्याच्या आणि ऑर्डर थांबण्याच्या तक्रारी होत्या. कारण उघड आहे. ज्याच्याकडे चार माग आणि पन्नास प्रतिस्पर्धी आहेत, त्याने कायद्याचा हवाला दिला तर पुढचे बीम त्याच्या शेडमध्ये येत नाही. कायदा देण्याची तारीख ठरवू शकतो, काम कोणाला द्यायचे हे ठरवू शकत नाही. तरीही मी हे कलम निरुपयोगी मानत नाही. पन्नासच्या पन्नास जणांना ते सारखेच लागू असल्यामुळे काही वर्षांत बाजाराची सवय बदलू शकेल, अट एवढीच की नोंदणी न करता काम घेणाऱ्यांची चोरवाट बुजली पाहिजे.

जे यंत्र सुटे मिळत नाही

आता शिडीची पायरी जिथे निखळते तिथे येऊ. एअरजेट माग हवेच्या झोताने धागा फेकतो. मिनिटाला ७०० पिके आणि नव्वद टक्के वेळ चालू असे धरले तर तासाला अठरा-साडेअठरा मीटर होतात. साध्या मागाच्या साडेपाचपट. रुंदी जास्त असल्याने दोन पट्टे एकदम निघाले तर त्याच्याही दुप्पट. सहा साधे माग सांभाळणारा कामगार तासाला वीस मीटर काढत असेल, तर दहा एअरजेटवरचा कामगार १८५. कापडही अधिक निर्दोष.

पण हे यंत्र एकटे येत नाही. त्याला हवा दाबणारा कॉम्प्रेसर लागतो, शेडमध्ये आर्द्रता राखणारी यंत्रणा लागते, उच्च दाबाची वीजजोडणी आणि इलेक्ट्रॉनिक्स समजणारा माणूस लागतो. किंमत दहा-दहा लाखांत मोजावी लागते. एका कॉम्प्रेसरचा खर्च चार मागांवर पसरला तर परवडत नाही, म्हणून निदान बारा-चोवीस एकदम. १ एप्रिल १९९९ पासून केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, व्याजात सवलत मिळू लागली, राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणांनी भर घातली. या मदतीचा लाभ घ्यायला बँकेला तारण आणि ताळेबंद दाखवावा लागतो. ते चार मागवाल्याकडे नसते. परदेशात वापरून झालेले रेपियर आणि सुल्झर माग आले तेव्हा मधल्या फळीतल्या काही मालकांनी उडी घेतली, आणि यड्रावच्या पार्वती औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी नव्या शेड उभ्या राहिल्या. मात्र ती उडी बारा-चोवीस मागवाल्याची होती.

राज्य सरकारची वीज सवलत लहान आणि मोठ्या मागवाल्यांतल्या या फुटीला थोपवते आणि त्याच वेळी गोठवतेही. यंत्रमागांच्या सवलतीत २७ अश्वशक्तीखालील आणि वरील असा भेद केला जातो. खालच्याला अधिक दिलासा देण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याने लहान राहण्याला बक्षीस मिळते आणि जुने यंत्र आणखी काही वर्षे चालते. सवलत काढली तर ते उद्याच भंगारात जाते. ठेवली तर पाच वर्षांनी जाते. साधे माग भंगाराच्या भावाने विकले जाण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत इथे नवे राहिलेले नाहीत. जो जॉबर पूर्वी ते घेऊन मालक झाला असता, त्याला आता त्यांचे काय करायचे ते कळत नाही.

शिक्षणाची दुसरी वाट

जहागीरदारांच्या राजवाड्यात आज डीकेटीई संस्थेचे वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९८२ मध्ये, म्हणजे मुंबईच्या संपाच्याच वर्षी ते सुरू झाले. मागवाल्यांच्या मुलांना तंत्रशिक्षण मिळावे आणि ते शहराच्या धंद्यात परतावे, ही अपेक्षा त्यामागे होती. ती अंशतः फळली. एअरजेट शेडचे व्यवस्थापक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यांतले अधिकारी यांत इथले पदवीधर दिसतात. बरेच जण मात्र संगणक शाखा घेऊन पुणे-बंगळूरला गेले, आणि ते चुकले असे म्हणवत नाही. बापाने पिकाचा पैसा मोजण्यात काढलेले आयुष्य त्यांनी जवळून पाहिले आहे.

पूर्वीची कसबाची वाट मागापासून मालकीकडे जात होती. पदवीची वाट पगाराकडे जाते. दोन्हींत पैसा असू शकतो, पण पगारदार माणूस गावात दुसऱ्याला काम देत नाही. याला अपवाद अभियांत्रिकीचा. पंडितराव कुलकर्णी यांच्या फाय समूहाने मागाच्या गावात चाचणी यंत्रे बनवून दाखवली, आणि माग दुरुस्त करणाऱ्या हातांना पुढे ओतकाम आणि लेथवरच्या कामात जागा मिळाली. शहराचे तंत्रकौशल्य कापडापेक्षा टिकाऊ ठरू शकते याचा हा पुरावा आहे, पण कोल्हापूरच्या फौंड्र्यांइतका त्याचा विस्तार झाला नाही.

विखुरलेली मालकी आणि सार्वजनिक जीवन

गिरणीच्या गावात सार्वजनिक कामाला एक मोठा दाता असतो आणि त्याच्या नावाची पाटी असते. इचलकरंजीत पावती पुस्तक घेऊन शंभर दारे फिरावी लागतात. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. आपटे वाचन मंदिर १८७० पासून चालते. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजली. हे जहागिरीच्या काळातले संचित. पण १९७४ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात भरले तेव्हा जहागीर संपून बराच काळ लोटला होता. मागाच्या खडखडाटात राहणाऱ्या गावाला अशा संमेलनाची हौस असणे, हे पुण्याला थोडे आश्चर्याचे वाटले असेल. गणेशोत्सव, तालमी, कर्नाटकी बेंदराला होणारी लाकूड ओढण्याची शर्यत या सगळ्यांमागे लहान वर्गणीदारांची मोठी संख्या आहे. ज्याचे चार माग आहेत तो देणगीदारांच्या यादीत बसतो. एअरजेट शेडमधला पगारदार कामगार बसत नाही, आणि त्याचा मालक बहुधा एकच मोठा धनादेश देऊन मोकळा होतो. मालकी एकवटली की पावती पुस्तके पातळ होतात, आणि मंडळे राजकीय पुढाऱ्यांच्या दारी जाऊ लागतात.

पण जी गोष्ट वर्गणीतून होत नाही तिथे याच विखुरलेपणाचा तोटा दिसतो. पाणी हे त्याचे कठोर उदाहरण. पंचगंगा शहराच्या उशाशी वाहते आणि प्रदूषित आहे. त्यात वरच्या गावांचे आणि कोल्हापूरचे सांडपाणी आहे, तसे इथल्या सायझिंग आणि प्रोसेसचेही. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. त्यानंतर वारणेतून पाणी आणण्याची योजना आली, तिला दानोळीकरांनी विरोध केला. मग दूधगंगेवरून सुळकूड योजना, तिला कागल भागातून विरोध. ज्या गावांतल्या शेतकऱ्यांनी शहरात माग टाकले, तीच गावे शहराला पाणी द्यायला तयार नाहीत, आणि शहराने आपल्या नदीचे काय केले हे पाहता त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नाही. हजारो लहान घटकांनी थोडे थोडे घाण केलेले पाणी एका कुणाच्या नावावर चढत नाही. वर्गणी द्यायला प्रत्येक जण पुढे येतो, दंड भरायला कोणीच नसतो.

एक आक्षेप

यावर म्हटले जाईल की चार मागांची मालकी ही स्वतःचेच शोषण होते, आणि चांगला पगार देणारी मोठी शेड त्याहून बरी. पिकाचा हिशेब वर मांडला आहे, त्यामुळे आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा तपासून घ्यावा लागेल. एअरजेटवर एका माणसाचे उत्पादन नऊपट वाढते, मजुरी त्या प्रमाणात वाढत नाही, आणि माणसे कमी लागतात. उरलेल्यांनी कुठे जायचे? सहकार हे उत्तर इथे परके नाही. विणकरांनी सहकारातून डेक्कन सूतगिरणी उभी केली होती. चार मागवाले दहा जण एकत्र येऊन एअरजेटची एक शेड घेऊ शकतात, निदान कागदावर. अडचण अशी की त्यांना एकत्र आणणारी गोष्ट यंत्र आहे आणि वेगळे करणारी उधारी. प्रत्येकाचा व्यापारी वेगळा, प्रत्येकाची देणी वेगळी, आणि आपला खरा ताळेबंद शेजाऱ्याला दाखवण्याची तयारी कोणाचीच नाही.

विभाज्यतेचा नियम खरा असेल तर शिडी दुसरीकडे, जिथे यंत्र सुटे मिळते तिथे, पुन्हा उभी राहायला हवी. ते शिलाई मशीन आहे. शहरात गारमेंटची कामे वाढत आहेत, घरोघरी बायका नगावर शिवतात. इथे प्रथमच कसब शिकण्याची जागा बाईच्या घरात आहे, आणि दोन मशीनच्या चार झाल्याची उदाहरणे मिळू लागली आहेत. पण कापड कापून आणून देणारा, माप ठरवणारा आणि तयार नग उचलणारा माणूस एकच आहे, आणि नगाचा दर तो ठरवतो. मागाला निदान पंचवीस व्यापारी तरी विचारायचे. शिवणाऱ्या बाईच्या दारात अजून एकच टेम्पो थांबतो. दुसरा थांबू लागेपर्यंत तिच्या चार मशीन म्हणजे चार मागच आहेत, फक्त वीज कमी खाणारे.